कोलेस्टेरॉलसाठी वनस्पतिजन्य कॅप्सूल: लिव्हरला चालतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६. एकूण कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६८. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ५८, आणि सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनची गोळी लिहून दिली आहे, पण ‘त्या गोळीने लिव्हर खराब होतं’ असं ऐकल्यामुळे ती अजून सुरू केलेली नाही. त्याऐवजी एका नातेवाइकांनी दिलेली ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ कॅप्सूल घ्यावी का, असं विचारलं आहे. डबीवर सहा घटक आहेत: रेड यीस्ट राइस, बर्बेरिन, मिऱ्याच्या अर्कासह हळदीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, गुग्गुळ आणि मिल्क थिसल. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत, ‘कोलेस्टेरॉल घटवते, लिव्हर शुद्ध करते’.

आधी थेट उत्तर देतो: ही कॅप्सूल घेऊ नका. वनस्पतिजन्य म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. अशा एकदोन गोष्टी मी स्वतः रुग्णांना आवर्जून सांगतो. पण त्यांतली एकही तुमच्या डबीत नाही. असं का, हे समजलं तर उद्या कुणी दुसरी डबी हातात ठेवली तरी निम्मा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

रक्तातलं कोलेस्टेरॉल बरंचसं आपलं शरीर स्वतःच बनवतं आणि त्या कामात लिव्हरचा वाटा मोठा. रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढून घेणारे रिसेप्टरही सर्वांत जास्त लिव्हरच्याच पेशींवर. नको असलेलं कोलेस्टेरॉल बाहेर टाकायचा मुख्य रस्ताही तिथूनच निघतो: लिव्हर रोज साधारण अर्धा ग्रॅम कोलेस्टेरॉलची पित्ताम्लं बनवतं आणि ती पित्तावाटे आतड्यात सोडतं. चरबी पचवायचं काम झालं की त्यांतली सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषली जातात आणि पुन्हा लिव्हरमध्ये येतात. म्हणजे बनवणं, गोळा करणं आणि बाहेर टाकणं, तिन्ही खाती एकाच कार्यालयात.

त्यामुळे तोंडाने घेतलेल्या ज्या पदार्थाने कोलेस्टेरॉल कमी होईल, तो ढोबळमानाने दोन ठिकाणी काम करू शकतो. एकतर आतड्यातच राहून तिथली ये-जा अडवेल, नाहीतर रक्तात उतरून लिव्हरच्या पेशीत शिरेल आणि तिथला कारभार बदलेल. ‘कोलेस्टेरॉल उतरवतो पण लिव्हरवर काही परिणाम नाही’ हे वाक्य पहिल्या गटाला शोभतं. दुसऱ्या गटातल्या पदार्थाबद्दल कुणी ते म्हणत असेल, तर एकतर पदार्थ काम करत नाही किंवा म्हणणाऱ्याला तो कसा काम करतो हे माहीत नाही.

पहिल्या गटात माझी आवडती गोष्ट म्हणजे इसबगोल. पोट साफ करणारं म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं हे टरफल पाण्यात फुगून जेलीसारखं होतं आणि त्या जेलीत पित्ताम्लं अडकतात. परत जाण्याऐवजी ती शौचावाटे बाहेर पडतात. लिव्हरला मग नवी पित्ताम्लं बनवावी लागतात, त्यासाठी कच्चा माल म्हणून कोलेस्टेरॉल लागतं, आणि तो माल ते रक्तातल्या एलडीएलमधून उचलतं. इसबगोल स्वतः रक्तात जात नाही. रोज साधारण १० ग्रॅम घेतलं तर एलडीएल सरासरी १३ च्या आसपास उतरतं (रिपोर्टातल्याच एककात, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), हे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलेलं आहे. ओट्स आणि बार्लीतलं बीटा-ग्लुकॅन याच तत्त्वावर चालतं. त्याची दिवसाची मात्रा ३ ग्रॅम.

घेण्याची पद्धत मात्र नीट पाळा. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि कालवल्यावर ताबडतोब प्या. कोरडं किंवा थोड्या पाण्यात घेतलं तर ते घशात फुगून अडकू शकतं. गिळायला त्रास होणाऱ्यांनी आणि आतड्याला अडथळा असलेल्यांनी तर घेऊच नये. पहिल्याच दिवशी १० ग्रॅम घेतलंत तर पोट फुगेल आणि तुम्ही चौथ्या दिवशी सोडून द्याल. ३ ग्रॅमपासून सुरुवात करा, दोन-तीन आठवड्यांत वाढवा. आणि बाकीच्या गोळ्या दोन तास आधी किंवा नंतर घ्या, थायरॉइडची गोळी तर आणखी लांब ठेवा, कारण ही जेली पित्ताम्लांसारखंच औषधही धरून ठेवते.

याच गटातली दुसरी गोष्ट म्हणजे वनस्पतींमधले स्टेरॉल आणि स्टॅनॉल. वनस्पतीत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतं. त्या जागी त्याची ही चुलत भावंडं असतात. दिसायला इतकी सारखी, की आतड्यात शोषणाच्या रांगेत कोलेस्टेरॉलची जागा ती अडवतात, पण स्वतः फारशी शोषली जात नाहीत. रोज १.५ ते ३ ग्रॅम घेतल्यास एलडीएल ७ ते १२ टक्के कमी होतं. ती जेवणाबरोबरच घ्यावी लागतात. रिकाम्या पोटी घेतली तर अडवायला रांगच नसते. सिटोस्टेरोलेमिया हा दुर्मिळ आनुवंशिक आजार असलेल्यांनी ती टाळायची. स्टेरॉल-स्टॅनॉलनी हार्ट ॲटॅक कमी होतात का, हे थेट तपासणारी मोठी चाचणी झालेली नाही, म्हणून मी ती गोळीऐवजी सुचवत नाही, जोडीला सुचवतो.

आता तुमच्या डबीकडे वळू. तिच्यात सगळ्यांत जास्त काम करणारा घटक म्हणजे रेड यीस्ट राइस, आणि त्याचीच गोष्ट सगळ्यांत गमतीची आहे. मोनॅस्कस नावाची बुरशी भातावर वाढवून तो बनवतात, म्हणजे ‘वनस्पतिजन्य’ हे नाव त्याला तसंही ओढूनताणूनच. १९७९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी याच बुरशीतून मोनॅकोलिन के हा रेणू वेगळा काढला. त्याच सुमारास दुसऱ्या एका बुरशीतून अगदी तोच रेणू सापडला, त्याला लोव्हास्टॅटिन म्हटलं गेलं, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत पहिलं स्टॅटिन म्हणून त्याला औषधाची मान्यता मिळाली. मोनॅकोलिन के आणि लोव्हास्टॅटिन हे दोन सारखे रेणू नाहीत. तो एकच रेणू आहे.

म्हणजे ज्या गोळीच्या भीतीने तुम्ही ही कॅप्सूल घेणार, तीच गोळी या कॅप्सूलमध्ये आहे. फरक इतकाच की गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते ठाऊक असतं आणि इथे नसतं. २०१७ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या २८ ब्रँडची तपासणी प्रसिद्ध झाली. दोघांत मोनॅकोलिन के सापडलंच नाही, आणि उरलेल्यांत त्याचं प्रमाण साठ पटींहून अधिक फरकाने कमी-जास्त होतं. एक डबी संपवून दुसऱ्या ब्रँडची आणलीत, तर तुमचा डोस शून्यावरून पूर्ण गोळीपर्यंत जाऊ शकतो आणि तुम्हाला कळणारही नाही. शिवाय बुरशी नीट वाढवली नाही तर सिट्रिनिन तयार होतं, ते मूत्रपिंडाला घातक आहे. २०२४ मध्ये जपानमध्ये रेड यीस्टच्या गोळ्या घेणाऱ्या अनेकांची मूत्रपिंडं बिघडली. तिथे दुसऱ्याच एका बुरशीची भेसळ होऊन प्युबेरुलिक आम्ल उतरल्याचं निघालं. युरोपीय संघाने २०२२ मध्ये नियम केला की दिवसाच्या डोसमध्ये मोनॅकोलिनची मात्रा ३ मिलिग्रॅमच्या आतच हवी. त्यांना नैसर्गिक गोष्टींचं वावडं आहे म्हणून हा नियम झालेला नाही. स्नायूंचं दुखणं आणि लिव्हरवरची सूज, म्हणजे स्टॅटिनचेच दुष्परिणाम, या पदार्थानेही होताना दिसले होते.

बर्बेरिन हे दारुहळदीतलं पिवळंधमक अल्कलॉइड. ते खरंच काम करतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी अभ्यासात ३२ रुग्णांना तीन महिने दिवसाला एक ग्रॅम देऊन एलडीएल सुमारे २५ टक्के उतरलं. लिव्हरमधले एलडीएल रिसेप्टर ते जास्त वेळ टिकवतं, म्हणजे स्टॅटिनपेक्षा वेगळ्या वाटेने त्याच दारात. छोट्या अभ्यासातला आकडा मोठ्या अभ्यासात सहसा एवढा राहत नाही, तरी हा पदार्थ पोकळ नाही. अडचण दुसरीच आहे. औषधांचा निचरा करणारी लिव्हरमधली काही एन्झाइम ते अडवतं, त्यामुळे बरोबरच्या औषधाची रक्तातली पातळी चढू शकते. मोनॅकोलिन के ज्या एन्झाइमने निचरा होतं, नेमकं त्यालाच बर्बेरिन हात घालतं. तुमच्या डबीत हे दोघे शेजारी-शेजारी बसवले आहेत. बनवणाऱ्याने हे ‘एकमेकांना पूरक’ म्हणून केलं असेल. मला ते वाचून काळजी वाटते. गर्भवतींनी बर्बेरिन घेऊच नये, कारण त्याने नवजात बाळाच्या मेंदूला कावीळ पोहोचण्याचा धोका वाढतो.

गुग्गुळाबद्दल थोडं हळवं व्हायला होतं. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये गुग्गुळावर संशोधन मांडलं आणि जुन्या ग्रंथातलं मेदोरोगाचं वर्णन घेऊन ते आधुनिक प्रयोगशाळेपर्यंत नेलं. त्यातून पुढे औषधही आलं. पण २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर नीट यादृच्छिक चाचणी झाली तेव्हा आठ आठवड्यांनी गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल कमी होण्याऐवजी चार-पाच टक्के वाढलेलं निघालं, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. आहार वेगळा, माणसं वेगळी, अर्क वेगळा, अशी स्पष्टीकरणं दिली जातात आणि त्यांत तथ्य असेलही. पण तोवर एलडीएलसाठी मी तो देत नाही.

उसाच्या मेणातून काढलेल्या पोलिकोसॅनॉलचीही हीच तऱ्हा. क्यूबातल्या अभ्यासांत ते स्टॅटिनच्या तोडीचं दिसत होतं. २००६ मध्ये जर्मनीत १४३ रुग्णांवर वेगवेगळ्या चार मात्रांत तपासलं तेव्हा कुठल्याच मात्रेने काही झालं नाही. लसणाचंही २००७ मध्ये स्टॅनफर्डला सहा महिने पाहून झालं, कच्चा लसूण आणि दोन प्रकारच्या गोळ्या: एलडीएल जागचं हललं नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर सगळ्यांना एकाच मैदानात उतरवलं. १९० जण, २८ दिवस. एकीकडे रोसुव्हास्टॅटिनची फक्त ५ मिलिग्रॅमची गोळी, दुसरीकडे फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल आणि रेड यीस्ट राइस. गोळीने एलडीएल जवळपास ३८ टक्के उतरलं. सहांपैकी एकही पूरक (सप्लिमेंट) नुसत्या प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या रिकाम्या गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही. २८ दिवस कमी पडतात, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि स्टेरॉल नीट मात्रेत जेवणाबरोबर घेतले तर चालतात हे इतर अभ्यासांतून पक्कं आहे. पण दुकानातून आणून पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घेतल्यावर काय होतं, याचं उत्तर ही चाचणी देते. आपण सगळे नेमकं तेच तर करतो.

हे झालं कोलेस्टेरॉलचं. लिव्हरचा भाग याहून गंभीर आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

हळदीने लिव्हर बिघडतं असं म्हटलं की लोक माझ्याकडे संशयाने पाहतात. जेवणातल्या हळदीबद्दल मी बोलतच नाही. हिशेब मांडून बघा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. कॅप्सूलमधल्या अर्कात ते ९५ टक्क्यांपर्यंत नेलेलं असतं. ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे ४७५ मिलिग्रॅम कर्क्युमिन. तेवढं पुडीतून मिळवायला जवळपास १६ ग्रॅम हळद लागेल, आणि लेबलवर दिवसाला दोन कॅप्सूल लिहिलेल्या असतात. पुढची पायरी मिऱ्याची. एरवी कर्क्युमिन फारसं शोषलंच जात नाही, आणि बहुधा म्हणूनच शतकानुशतकं हळद खाऊन कुणाला काही झालं नाही. १९९८ मधल्या एका अभ्यासात मिऱ्यातल्या पायपरिनबरोबर ते माणसांत वीसपट शोषलं गेलं. लेबलवर हेच अभिमानाने छापलेलं असतं. शरीराने दार बंद ठेवलं होतं, आपण कुलूप तोडलं आणि त्याची जाहिरात केली.

माझ्याकडे आलेल्या एका बाई आठवतात, पन्नाशीच्या. अंगाला खाज सुटते म्हणून त्यांनी आधी साबण बदलला, मग कपडे धुण्याची पावडर. डोळे पिवळे झाल्यावर मुलगी घेऊन आली. एसजीपीटी अकराशेच्या पुढे, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) ९. हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह, पित्ताशयात खडे नाहीत, दारू नाही. “कुठली औषधं चालू आहेत?” मी तीनदा विचारलं, तीनदा “नाही” आलं. खोटं नव्हतं ते, त्यांच्या लेखी ती औषधं नव्हतीच. चौथ्यांदा विचारलं, “पावडर, काढा, टॉनिक, कुणी दिलेलं काही?” तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, त्या डब्या?” दुसऱ्या दिवशी पिशवी आली. पाच डब्या: एक गुडघ्यासाठी, एक कोलेस्टेरॉलसाठी, एक ‘प्रतिकारशक्ती’साठी, उरलेल्या दोन कशासाठी ते त्यांनाही आठवेना. मागची बारीक अक्षरं भिंगाने वाचली. तिन्ही मुख्य डब्यांत हळदीचाच अर्क होता, तीन वेगळ्या नावांनी. सगळं बंद केलं, दोन महिन्यांत रिपोर्ट जागेवर आले. गोष्ट इथे संपली असती तर मी ती इतक्यांदा सांगितली नसती. सातआठ महिन्यांनी त्या परत आल्या, पुन्हा पिवळ्या, आणि या वेळी कॅप्सूल सुरू केल्यापासून तीन आठवड्यांच्या आत. “लिव्हर आता चांगलं झालंय म्हणून गुडघ्याची तेवढी परत घेतली.” मी काय बोलणार होतो? पहिल्या वेळी ‘हे बंद करा’ म्हटलं होतं, ‘हे पुन्हा कधीच नाही’ असं लिहून दिलं नव्हतं. चूक माझी. आता लिहून देतो.

अशी उदाहरणं माझ्या एकट्याची नाहीत. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदणी जाळ्याने २०२२ मध्ये हळदीमुळे झालेल्या अशा दहा रुग्णांचा तपशील मांडला. त्यांतल्या सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकीय प्रकार सापडला. ग्रीन टीच्या अर्काने आणि गार्सिनियाच्या कॅप्सूलने लिव्हर बिघडलेल्यांतही हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणून ‘मी दोन वर्षं घेतोय, मला काही झालं नाही’ हा पुरावा तुमच्या उपयोगाचा नाही. तो ज्याला लागू पडतो त्याच्या अंगात ते जनुक नसेल. तुमच्या अंगात आहे का, हे सहसा पिवळं झाल्यावरच कळतं.

ग्रीन टीचंही हळदीसारखंच. कपात प्यायली जाणारी वेगळी, कॅप्सूलमधली वेगळी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये तपासून सांगितलं की चहा पिणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) जातं, आणि पूरकांतून ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं की लिव्हरची एन्झाइम वाढताना दिसतात. उपाशीपोटी घेतलं तर ते जास्त शोषलं जातं, आणि वजन कमी करायला निघालेला माणूस नेमकं तसंच घेतो.

अश्वगंधेने झालेली कावीळ २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतून, गुळवेलीने झालेली हिपॅटायटिस २०२१ मध्ये मुंबईतून नोंदवली गेली. गुळवेलीबाबत मतभेद आहेत, आणि सारखी दिसणारी दुसरी वेल तोडून आणली जाते हा मुद्दाही खरा आहे. माझ्या अनुभवात, ज्यांना आधीपासून स्वप्रतिकाराचा आजार आहे, थायरॉइडचा वगैरे, त्यांच्याबाबत मी जास्त सावध असतो.

‘लिव्हर शुद्ध करते’ या वाक्यावर फार वेळ घालवत नाही. लिव्हर हा साचून राहणारा फिल्टर नाही, की काढून धुवावा. ते विषारी गोष्टी साठवून ठेवत नाही, त्यांचं रूपांतर करून पित्तातून आणि लघवीतून बाहेर घालवतं. मिल्क थिसलमधलं सिलिमरिन निरुपद्रवी आहे, हे मात्र सांगायला हवं. डबीतल्या सहांपैकी त्याची मला भीती नाही. २०१२ मध्ये हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मात्रा २४ आठवडे देऊनही एसजीपीटीत प्लासिबोपेक्षा फरक पडला नाही. मीही सुरुवातीच्या काळात फॅटी लिव्हरला ते लिहून दिलंय, कारण रुग्णाला हातात काहीतरी हवं असतं आणि डॉक्टरलाही. त्याचा तोटा उशिरा लक्षात आला: गोळी मिळाली की माणूस वजन कमी करायचं सोडून देतो.

आता त्या भीतीकडे, जिच्यामुळे हा सगळा प्रश्न निघाला. स्टॅटिनने काहींची एसजीपीटी थोडी वाढते, बहुतेक वेळा आपोआप खाली येते. लिव्हरला गंभीर इजा होणं इतकं दुर्मिळ आहे की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये ठरावीक काळाने एन्झाइम तपासत राहायची सूचनाच काढून टाकली. सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर काही लक्षण दिसलं तर, एवढंच ठेवलं. तुमची एसजीपीटी ५८ आहे. ती फॅटी लिव्हरमुळे असण्याचीच शक्यता जास्त, आणि फॅटी लिव्हर असणं हे स्टॅटिन टाळायचं कारण नाही. उलट अशा माणसाला धोका हृदयाकडून जास्त असतो. एन्झाइम नॉर्मलच्या तिपटीवर असतील, कावीळ असेल किंवा सिरोसिस (लिव्हर आक्रसून कडक होणं) पुढे जाऊन पोटात पाणी झालं असेल, तर गोष्ट वेगळी. स्नायूंच्या दुखण्याबद्दल म्हणाल, तर ते खरं असतं, पण त्याचं कारण दर वेळी गोळी नसते. २०२० मधल्या एका अभ्यासात ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलं होतं, अशा ६० जणांना कधी स्टॅटिन, कधी रिकामी गोळी, कधी काहीच नाही, असे महिने पाळीपाळीने दिले. स्टॅटिनवर होणाऱ्या त्रासाचा ९० टक्के भाग रिकाम्या गोळीवरही होत होता.

तुमच्या आकड्यांवर काय होऊ शकतं ते बघा. एलडीएल १६८. इसबगोलाने १३ च्या आसपास, स्टेरॉलने १२ ते २०. दोन्ही नियमित केलंत तर १४० च्या जवळ याल. स्टॅटिनची लहान मात्रा एकटीच १०५ ते ११० पर्यंत आणते. वडील किंवा भाऊ कमी वयात हृदयविकाराने गेले असतील, तुम्हाला मधुमेह असेल, सिगारेट असेल, तर १४० वर समाधान मानता येणार नाही. गोळी सुरू करा आणि इसबगोल जोडीला ठेवा. यांतलं काहीच नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर आधी तीन महिने गोळीशिवाय प्रयत्न करून बघायला जागा आहे. दोन्ही बाबतींत त्याआधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. थायरॉइड मंदावला की एलडीएल चढतं, आणि ते असेल तर या सगळ्या चर्चेचा रोखच बदलतो. मला ही तपासणी राहून गेलेले रुग्ण दर महिन्याला भेटतात.

फॅटी लिव्हरसाठी खात्रीचा उपाय एकच, आणि तो डबीत मिळत नाही: वजन. पाच टक्के उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी होते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही. दारू घेत असाल तर ती बंद. तुमचं ट्रायग्लिसराइड २१० आहे, त्याच्यावरही साखर, मैदा आणि वजन कमी करण्याचाच सगळ्यांत जास्त परिणाम होईल. कॉफी पीत असाल तर बिनसाखरेची चालू ठेवा. जे कॉफी पितात त्यांच्यात सिरोसिस कमी दिसतो, हे बऱ्याच ठिकाणी आढळलंय.

एवढं वाचूनही एखादं पूरक घ्यायचंच असेल तर निदान एका वेळी एकच घटक घ्या, सहा घटकांची खिचडी नाही. काही बिनसलं तर कुणामुळे हे कळायला हवं. सुरू करण्याआधी लिपिड आणि लिव्हरची तपासणी, मग आठ ते बारा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा. एलडीएल हललं नसेल तर डबी बंद, ‘अजून थोडे दिवस बघू’ नाही. मधल्या काळात भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली, खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी सगळं थांबवा आणि रक्त तपासा. औषधाने लिव्हरला इजा होऊन एसजीपीटी तिपटीच्या वर आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर गेलं, तर अशा दहातल्या साधारण एका रुग्णाला लिव्हर बदलावं लागतं किंवा तो दगावतो. तिथे आठवडाभर वाट बघायची नसते.

आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या. फोटो पाठवणार असाल तर पुढच्या बाजूचा नको, मागच्या बारीक अक्षरांचा काढा.